दूध संस्थेच्या सॉफ्टवेअरसाठी इश्यू ट्रॅकर निवडताना: एका कोल्हापुरी प्रोजेक्टचं प्रकरण

इश्यू ट्रॅकर म्हणजे सॉफ्टवेअरच्या तक्रारींचं रजिस्टर, त्यातली एकेक तक्रार म्हणजे इश्यू. पण आधी प्रोजेक्ट काय आहे ते सांगतो, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. गावातल्या दूध संस्थांसाठी आमचं एक छोटं ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे. सकाळ-संध्याकाळ माणसं दूध घालायला येतात, वजनकाटा आणि फॅट मशीन कॉम्प्युटरला वायरनं जोडलेलं असतं, सभासद नंबर टाकला की लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातला फॅट सोडून बाकीचा घन भाग), दर, रक्कम अशी पावती निघते आणि दहा दिवसांचं बिल आपोआप तयार होतं. कोल्हापूर जिल्ह्यात यात नवीन काही नाही, गोकुळ दूध संघ १९६३ पासून आहे, वारणेचं वेगळं, आणि करवीर, कागल, राधानगरी, भुदरगड कुठंही जावा, गाव तिथं एक तरी दूध संस्था, काही गावात तर गट तितक्या संस्था. सॉफ्टवेअर विकणारेही लई आहेत. आमचं फुकट आहे आणि कोड उघडा आहे एवढाच फरक, कोड पहिल्यापासून गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या आणि मिळून लिहायच्या साइटवर.

टीम म्हणजे राजारामपुरीत कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान चालवणारा आमचा मेंटेनर (प्रोजेक्ट सांभाळणारा) दादा, मी, पुण्यात नोकरी करणारी पण इथलीच एक ताई जी रात्री कॉलवर येते, इंजिनिअरिंगची चार-पाच पोरं जी सेमिस्टरप्रमाणे बदलत राहतात, आणि एक काका. काका कोडिंग करत नाहीत, त्यांची अख्खी नोकरी दूध संस्थेत सचिव म्हणून गेली. पुढं जे काही ठरलं त्यात सगळ्यात कामाची गोष्ट काकांनीच सांगितली, ते येईलच.

पाच-सहा संस्था होत्या तोवर तक्रारी व्हॉट्सॲप ग्रुपवर यायच्या आणि दादा सोडवायचा. संस्था वाढल्या आणि ग्रुपचा बाजार झाला. पहाटे संकलनाच्या वेळेला व्हॉइस नोट, त्यावर दुसऱ्या सचिवाचा गुड मॉर्निंगचा फोटो, त्याखाली कुणाच्या तरी वाढदिवसाचा बॅनर, आणि मधे कुठंतरी 'प्रिंटर चालंना झालाय'. कुठली तक्रार बघितली, कुठली राहिली, कोण बघतंय, काही पत्ता नाही. ट्रॅकर पाहिजे यावर कुणाचंच दुमत नव्हतं. कुठला पाहिजे यावर मात्र जे सुरू झालं ते बरेच आठवडे चाललं.

ज्या बगमुळं विषय पेटला

हा बग, म्हणजे कोडमधली चूक, जरा नीट सांगतो, कारण नंतर प्रत्येक ट्रॅकर आम्ही याच बगवर घासून बघितला.

एका संस्थेच्या सचिवांची व्हॉइस नोट आली: 'ओ सायब, गाईच्या दुधाला मशीनवर ४.३५ दावतंय आन पावतीवर ४.३ यायलंय.' एका पोरानं ती ऐकली आणि म्हणाला पावतीवर एकच दशांश छापतो ना आपण, मग दिसण्याचा प्रश्न आहे. दुसऱ्या संस्थेतून वेगळीच तक्रार, एका सभासदाचं बिल त्याच्या वहीपेक्षा दर वेळी थोडं कमी येतंय. ही ताईकडं गेली, तिला वाटलं कपातीत काहीतरी गडबड असणार, पशुखाद्याचे हप्ते वगैरे. तिसऱ्या ठिकाणाहून रेटचार्टचा (फॅटप्रमाणे दराच्या तक्त्याचा) फोटो आणि खाली फक्त 'दर चुकतोय'. तो दादानं घेतला आणि संघाचा रेटचार्ट परत पहिल्यापासून भरायला बसला.

तीन माणसं, तीन दिशा, बग एकच. मशीनकडून फॅट आलं की आमचा कोड त्याला १०० नं गुणून पूर्णांक करायचा. आता कॉम्प्युटर दशांश अपूर्णांक बायनरीत ठेवतो, त्यात ४.३५ नेमकं बसत नाही, १०० नं गुणलं की उत्तर ४३५ येत नाही, ४३४.९९९९९ असं काहीतरी येतं. कोड शेपूट कापून टाकायचा, राहिलं ४३४. रेटचार्ट एका दशांशाचा, म्हणजे ४.३५ चं ४.४ व्हायला पाहिजे, पण ४.३४ चं ४.३ झालं आणि सभासदाचा एक पॉइंट गेला. गंमत म्हणजे ४.२५ ला असं काही होत नाही, ते बायनरीत बरोबर बसतं. त्यामुळं टेस्टिंगला कुणी ४.२५ घेतलं की सगळं ओके. बग दिसायचा तो ठराविक आकड्यांना, ठराविक जनावरांच्या दुधाला, आणि पॉइंटमागं पैसे थोडेच असल्यामुळं वही ठेवणारा सभासद सोडून कुणाच्या लक्षातही यायचं नाही.

दुरुस्ती एका ओळीची होती, गुणून झाल्यावर कापायचं नाही, राउंड करायचं. पण तिन्ही तक्रारी एकमेकांशेजारी ठेवून कुणी बघितल्या नाहीत म्हणून त्या एका ओळीसाठी अख्खं एक बिल गेलं, आणि दूध संस्थेत बिल म्हणजे भांडणाचा विषय, तिथं 'पुढच्या बिलात फरक देतो' असं सांगायला सचिवाला किती जिवावर येतं ते काकांना विचारा.

तर ट्रॅकरकडून आमची पहिली मागणी ही होती. 'इश्यू उघडा, इश्यू बंद करा' हे कुठलाही ट्रॅकर करतो. वेगवेगळ्या शब्दांत आलेल्या तीन तक्रारी एकाच माणसाच्या डोळ्याखालून गेल्या पाहिजेत आणि एकमेकींना जोडता आल्या पाहिजेत.

टेबलावर काय काय होतं

बगझिला पोरांना नवीन वाटलं, आमच्या पिढीला माहीत आहे. १९९८ ला नेटस्केपमधून मोझिलाचा कोड बाहेर आला तेव्हाचं ते, अजून चालू आहे, डुप्लिकेट जोडण्यात त्याचा हात धरणारा कमी. पण फॉर्म बघून ताई म्हणाली हे आपल्याला नको, एवढे रकाने आपला प्रोजेक्ट संपला तरी भरून व्हायचे नाहीत. शिवाय एलएलव्हीएमसारखा दांडगा कंपायलर प्रोजेक्ट २०२१ च्या डिसेंबरात बगझिला सोडून गिटहब इश्यूजवर (गिटहबच्याच ट्रॅकरवर) गेला, मग आपण उलटं कशाला जायचं. मॅन्टिस एकानं लावून दाखवलं, पीएचपी असल्यामुळं साध्या होस्टिंगवर चालतं, बरं आहे, पण कोडशी त्याचा काही संबंध नाही, कमिट (कोडमधला नोंदवलेला बदल) एकीकडं आणि तक्रार दुसरीकडं. जिरा ओपन सोर्स प्रोजेक्टना फुकट मिळू शकतं, त्यावर दादाचं एकच वाक्य, 'ऑफिसात तेच, घरी आल्यावर पण तेच?' विषय संपला.

ईमेलचा पर्याय मी मांडला होता. डेबियन लिनक्सचा बग ट्रॅकर १९९० च्या दशकापासून ईमेलवर चालतो, तक्रार नोंदवायला अकाउंट लागत नाही, वेब फॉर्म नाही, मेल टाकली की नंबर पडतो. कागदावर हे फार सुंदर आहे. प्रत्यक्षात आमच्या सचिवांचे ईमेल पुतण्यानं नाहीतर सायबर कॅफेवाल्यानं काढून दिलेले, पासवर्ड कुठल्यातरी डायरीत. बाद.

खरी लढत उरली तिघांत: गिटहब इश्यूज, गिटलॅब (गिटहबसारखीच दुसरी साइट), आणि स्वतःच्या सर्व्हरवर रेडमाइन किंवा फोर्जिओ.

स्वतःच्या सर्व्हरचा आग्रह पोरांचा, आणि त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. गिटहब २०१८ ला मायक्रोसॉफ्टनं घेतलं, साडेसात अब्ज डॉलरला. उद्या धोरण बदललं तर? गुगल कोडचं उदाहरण त्यांनी काढलं, मार्च २०१५ ला बंद करतोय म्हणून जाहीर केलं आणि जानेवारी २०१६ ला दुकान बंद, आणि गुगल म्हणजे काय छोटी पार्टी नव्हती. २०१९ ला अमेरिकेच्या निर्बंधांमुळं इराण, सीरिया, क्रिमियातल्या डेव्हलपरांची गिटहब खाती अडकली. आणि आपल्याकडं २०१४ च्या डिसेंबरात सरकारी आदेशानं ३२ साइट ब्लॉक झाल्या त्यात गिटहबचं गिस्ट होतं, पेस्टबिन होतं, आर्काइव्ह डॉट ऑर्ग सुद्धा होतं. लिनक्स कर्नलचा किस्सा तर सगळ्यांना पाठ असतोच, कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या बिटकीपरची फुकट परवानगी २००५ ला गेली आणि त्यातून त्याच कामाचं गिट जन्माला आलं.

यातला एक मुद्दा मला पूर्ण पटला आणि तो आजही पटतो. गिटमुळं कोड प्रत्येकाच्या लॅपटॉपवर असतो, गिटहब उद्या बंद पडलं तरी कोड कुठं जात नाही. इश्यू मात्र असे क्लोन (कॉपी) होत नाहीत. कुठल्या संस्थेला काय झालं, कुणी काय करून बघितलं, का असं ठरवलं, हे सगळं त्यांच्या डेटाबेसमधे. प्रोजेक्टचा निम्मा जीव तिथं असतो.

पण मग स्वतःचा सर्व्हर ठेवायचा कुठं? दादाच्या मित्राचं शाहूपुरीत ऑफिस, तळमजल्यावर, तिथं जुनी मशीन फुकट ठेवू देतो म्हणाला. काकांनी फक्त विचारलं, 'एकोणीस साली तिथं पाणी कुठवर आलं होतं?' सगळे गप. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेनं काय केलं आणि २०२१ च्या जुलैत परत काय झालं ते कोल्हापुरात कुणाला सांगायला लागत नाही, हायवे शिरोलीजवळ बंद, गावागावातलं दूध संकलन ठप्प. पूर ओसरल्यावर संस्था परत सुरू होतात तेव्हाच कॉम्प्युटर भिजले, डेटा गेला, बॅकअप कसा टाकायचा अशा तक्रारींचा पूर येणार, आणि नेमका तेव्हा आपला ट्रॅकर पाण्याखाली! त्यापेक्षा वहीत लिहिलेलं बरं.

भाड्याचा सर्व्हर घेता येतो, महिन्याला काही शे रुपयांत भागतं. पैशाचं काही नाही, वर्गणी काढली असती. प्रश्न आहे तो अपडेट कोण मारणार याचा. रेडमाइन रुबीवर चालतं, चांगलं आहे, ईमेलवरून इश्यू घेतं, खाजगी इश्यू ठेवता येतात, गँट चार्ट सुद्धा आहे, पण रुबीचं व्हर्जन, रेल्सचं व्हर्जन, प्लगिन हे सगळं सांभाळायला कुणीतरी बांधलेला माणूस लागतो. ज्या पोरांनी उत्साहानं लावलं असतं ती मेअखेर पास होऊन बेंगलोर नाहीतर हिंजवडीला जाणार. फोर्जिओ त्यामानानं हलकं, एकच चालवायची फाइल, २०२२ च्या शेवटी गिटी या सॉफ्टवेअरपासून वेगळं झालेलं, आणि कोडबर्गवर ते तयार मिळतं म्हणजे सर्व्हरचीही कटकट नाही, जर्मनीतली ना-नफा संस्था चालवते. मला व्यक्तिशः कोडबर्ग आवडतं. पण नवीन पोरं शोधायला जातात गिटहबवर, तिथं 'गुड फर्स्ट इश्यू' (नवख्याला जमेल असं काम) लेबल लावलं की कुठल्या तरी गावातलं कुणीतरी येऊन काम करून जातं. आमच्याकडं आलेल्या पोरांतली बरीचशी अशीच आली आहेत. पायथनसारख्या प्रोजेक्टनं सुद्धा आपला वर्षानुवर्षांचा ट्रॅकर २०२२ च्या एप्रिलमधे सोडला आणि पन्नास हजारांवर इश्यू गिटहबवर नेले, त्यामागं एक कारण हेच होतं की कोड जिथं आहे आणि माणसं जिथं आहेत तिथंच इश्यू असलेले बरे.

सभासदाची यादी आणि गिटलॅबचा मुद्दा

गिटलॅब जवळजवळ जिंकलं होतं. कारण खाजगीपणा.

झालं असं, गिटहबवर ट्रायल म्हणून एका पोरानं एक इश्यू टाकला, सचिवांनी पाठवलेला स्क्रीनशॉट जसाच्या तसा चिकटवून. त्यात दहा दिवसांच्या बिलाची यादी, सभासदांची नावं, लिटर, रक्कम, आणि एका कॉलममधे बँक खात्याचे नंबर. पब्लिक रिपॉझिटरी (कोड आणि इश्यू ठेवायचा कप्पा), जगाला उघडी. ताईनं बघितलं आणि लगेच अख्खा इश्यू डिलीट केला, नुसतं एडिट करून भागलं नसतं कारण कॉमेंटची जुनी आवृत्ती हिस्टरीत दिसत राहते. कुणाचं काही नुकसान झालं नाही, पण मीटिंगचा रंग बदलला. गावात कुणाच्या म्हशी किती दूध देतात आणि कुणाचं बिल किती निघतं ही माहिती किती नाजूक असते हे बाहेरच्याला समजणार नाही, त्यावर सोयरिकी ठरतात आणि संस्थेच्या इलेक्शना होतात. वर २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा आहेच.

गिटलॅबमधे इश्यू कॉन्फिडेन्शियल करता येतो, तो फक्त टीमला दिसतो. शिवाय सर्व्हिस डेस्क म्हणून सोय आहे, एका पत्त्यावर ईमेल आली की आपोआप इश्यू तयार होतो आणि तोही मुळातच कॉन्फिडेन्शियल, तक्रारदाराला अकाउंट लागत नाही. ही सोय २०२० पासून फुकटच्या आवृत्तीत आली. गिटहबच्या पब्लिक रिपॉझिटरीत एखादाच इश्यू लपवायची सोय नाही, सुरक्षेच्या त्रुटी खाजगीत कळवायला वेगळी वाट आहे पण ती त्या कामापुरतीच. नुसत्या फीचरवर बघायचं तर गिटलॅब आमच्या गरजेला जास्त जवळचं होतं, हे मी आजही म्हणतो.

मग गिटलॅब का नाही? सर्व्हिस डेस्क ईमेलवर आहे आणि आमचे लोक ईमेलवर नाहीत, हे एक. आणि दुसरं काकांनी सांगितलं ते.

काका म्हणाले, 'तुम्ही सगळे सचिवाला कुठं लिहायला लावायचं यावर भांडताय. सचिव काही लिहिणार नाही. पहाटे पाचला लायनीत चाळीस माणसं किटल्या घेऊन उभी असताना तो तुमचा फॉर्म भरणार होय? तो फोन उचलणार आणि बोलणार. आमच्या ऑफिसात टपाल कसं यायचं? कुणी हातात आणून दिलं, कुणी पोस्टानं पाठवलं, कुणी तोंडी सांगितलं. सगळ्याची नोंद आवक रजिस्टरला. आणि रजिस्टर एकाच माणसाच्या ताब्यात.'

एवढं बोलल्यावर पुढची चर्चा फार सोपी झाली. आम्ही ट्रॅकर निवडत होतो तो सचिव वापरतील असं धरून, आणि वापरणार होतो आम्ही पाच-सात जण. सचिवांच्या बाजूला व्हॉट्सॲप कायम राहणार, ते बदलायच्या भानगडीत पडायचंच नाही. मधे आवक बघणारा एक माणूस. आणि त्या माणसाला सोपं जाईल, कोडला चिकटून राहील, आणि नवीन पोरांना सापडेल तो ट्रॅकर. म्हणजे गिटहब. बगझिला की रेडमाइन की आणखी काय, हा प्रश्न खरा तर मागं पडला होता, कारण आवक बघणारा माणूस नसता तर यातला कुठलाही चालला नसता, आणि माणूस आहे म्हटल्यावर यातला कुठलाही बऱ्यापैकी चालला असता.

कसं लावलं

गिटहबवरच दोन रिपॉझिटरी केल्या. एक मूळची पब्लिक. दुसरी खाजगी, तिचं नाव सरळ 'आवक'. फुकटच्या खात्यावर खाजगी रिपॉझिटरीत हवी तेवढी माणसं घेता येतात, २०२० पासून, त्यामुळं खर्च शून्य. व्हॉट्सॲपवर आलेली प्रत्येक तक्रार, व्हॉइस नोट ऐकून, जशी आहे तशी 'आवक' मधे पडते, संस्थेचं नाव, फोटो, सगळं. त्यातून खरा बग दिसला की पब्लिकमधे नवीन इश्यू, स्वच्छ, नावं काढून, आकडे बदलून, परत कसा घडवून बघायचा त्याच्या पायऱ्यांसकट. गिटहब खाजगी रिपॉझिटरीतला इश्यू पब्लिक रिपॉझिटरीत ट्रान्सफर करू देत नाही. पहिल्यांदा पोरं वैतागली, दोनदा लिहायचं म्हणून. पण ही अडवणूक आमच्या पथ्यावरच पडली, आळसानं स्क्रीनशॉट सरकवून द्यायची वाटच बंद.

आवक बघायची पाळी आठवड्याला बदलते. पाळी कुणाची हे ग्रुपच्या डिस्क्रिप्शनमधे लिहिलेलं असतं, त्यामुळं सचिव सरळ त्यालाच फोन लावतात. पाळीवाल्यानं बग सोडवायचा नाही, हा नियम आहे. त्यानं फक्त ऐकायचं, लिहायचं, आधीचं शोधायचं आणि जोडायचं. कोडिंग करणाऱ्या माणसाला हे फार जड जातं, तक्रार ऐकली की हात कीबोर्डकडं जातोच, आणि एका बगमधे घुसला की बाकीच्या सात तशाच पडून.

पब्लिक रिपॉझिटरीत इश्यू फॉर्म मराठीत केला. गिटहबला एक वायएएमएल (सेटिंगची) फाइल दिली की रकाने आणि ड्रॉपडाउन येतात. आमचे रकाने: फॅट मशीन कुठलं, वजनकाटा कुठला, सॉफ्टवेअरचं व्हर्जन, सकाळ का संध्याकाळ, गाय का म्हैस, मशीनच्या डिस्प्लेवर काय दिसलं, पावतीवर काय आलं. शेवटचे दोन रकाने वेगवेगळे ठेवलेत ते त्या ४.३५ मुळं. एसएनएफच्या तक्रारीसाठी एक जादा रकाना आहे, सूत्रातले आकडे कुठले वापरता. कारण सीएलआरला (लॅक्टोमीटरच्या रीडिंगला) ४ नं भागायचं, त्यात फॅटचा ठराविक हिस्सा आणि एक स्थिर आकडा मिळवायचा, इथवर सगळ्यांचं सारखं, पण तो हिस्सा आणि तो आकडा सगळीकडं एकच नसतो. शेजारच्या गावात बरोबर येतंय आणि आमच्यात चुकतंय अशा तक्रारीतल्या बऱ्याच तिथंच मिटतात.

शोधाशोधीची अडचण लेबलनं सोडवली. कुणी फॅट लिहितं, कुणी फ्याट, कुणी इंग्रजीत, त्यामुळं सर्चवर भरवसा ठेवून चालत नाही. तक्रार कुठल्याही भाषेत असू दे, लेबल ठरलेलं: काटा, मशीन, रेटचार्ट, पावती, बिल, कपात, बॅकअप. मोजकीच. पोरांनी प्रायॉरिटीची पाच लेबलं करायचा घाट घातला होता, तो दादानं हाणून पाडला. प्रायॉरिटी एकच, 'बिलाला लागतंय'. ज्यामुळं सभासदाच्या पैशात फरक पडतो ते आधी, मग बाकी सगळं.

आता एक बाब जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि कुठल्याच तुलनेच्या तक्त्यात सापडत नाही. गिटहबवर पुल रिक्वेस्टमधे (आपला कोडबदल आत घ्या या मागणीत) 'फिक्सेस' लिहून इश्यूचा नंबर टाकला की ती मुख्य ब्रँचमधे, म्हणजे मूळ कोडमधे, मर्ज (सामील) झाल्या झाल्या इश्यू आपोआप बंद होतो. वेबसाइटवाल्यांना हे ठीक आहे, त्यांचा कोड त्याच दिवशी लोकांपर्यंत जातो. आमचा कोड राधानगरीच्या आतल्या एखाद्या गावात, जिथं कॉम्प्युटरला नेट म्हणजे सचिवाच्या मुलाचा हॉटस्पॉट, तिथं कधी पोचणार? इश्यू बंद दिसतोय आणि पावतीवर चुकीचंच फॅट छापतंय, असं व्हायला लागलं. म्हणून ठरवलं, पुल रिक्वेस्टमधे 'फिक्सेस' लिहायचंच नाही, नुसता नंबर द्यायचा म्हणजे जोडलं जातं पण बंद होत नाही. मर्ज झालं की लेबल 'कोडमधे झालं', अपडेट गेला की 'संस्थेत पोचलं', आणि पुढचं बिल निघून सचिवांनी बरोबर आलं म्हणून सांगितल्यावरच इश्यू बंद. त्यामुळं उघड्या इश्यूंचा आकडा फुगलेला दिसतो. बाहेरून येणाऱ्याला वाटतं प्रोजेक्ट ओस पडलाय की काय. वाटू दे. संस्थेत न पोचलेला बग बंद दाखवून आकडा कमी करण्यात मला तरी काही अर्थ दिसत नाही.

ह्याच कारणानं स्टेल बॉट लावला नाही. जुन्या इश्यूवर काही हालचाल नाही म्हणून बॉट त्याला शिळा ठरवतो, साधारण साठ दिवसांनी शिक्का आणि पुढं आठवडाभरात बंद, असं त्याचं मूळ सेटिंग असतं. आमच्याकडं काही बग फक्त दिवाळीच्या बोनस वाटपालाच दिसतात, वर्षातून एकदा! सचिव त्या वेळीच बोलतो. बॉटनं ते कधीच झाडून टाकलं असतं.

बॅकअप, आणि अजून जे जमलं नाही ते

गिटहब घेतलं पण पोरांचा मुद्दा सोडला नाही. दर रात्री एक स्क्रिप्ट एपीआयमधून (प्रोग्रामनं साइटकडं माहिती मागायची वाट) दोन्ही रिपॉझिटरीतले इश्यू आणि कॉमेंट ओढून जेसन फाइलमधे ठेवते आणि ती फाइल परत गिटमधेच जाते, वेगळ्या ठिकाणी. टोकन (ओळखीची किल्ली) घेतलं की तासाला ५००० रिक्वेस्ट मिळतात, बिनटोकनाच्या ६०, आम्हाला ढीग पुरतात. करायला घेणार असाल तर एक लक्षात ठेवा, एपीआयला इश्यू मागितले की पुल रिक्वेस्टही त्यातच येतात कारण गिटहबच्या लेखी पुल रिक्वेस्ट हा सुद्धा एक इश्यूच, नंबरही एकाच माळेतले. ते गाळून घ्यायचे. आणि एका पानावर जास्तीत जास्त १०० येतात, पान उलटायला विसरलं तर बॅकअप अर्धाच होतो आणि कळतही नाही.

नुसती फाइल पडून असण्यात समाधान मानू नका असं ताईचं म्हणणं, म्हणून एका सुट्टीत पोरांनी लॅपटॉपवर फोर्जिओ चढवून त्यात गिटहबवरून सगळं आयात करून बघितलं. ती सोय फोर्जिओमधे आधीपासून आहे. इश्यू, लेबल, कॉमेंट सगळं आलं. अडकलं ते फोटोंपाशी, कॉमेंटमधल्या चित्रांच्या लिंक अजून गिटहबकडंच बोट दाखवत होत्या, म्हणजे गिटहब गेलं तर पावत्यांचे फोटोही गेले. आता स्क्रिप्ट फोटोही उतरवते.

न जमलेलं असं की पाळीचा भार सारखा पडत नाही. बिलाच्या आठवड्यात ज्याची पाळी त्याचं कंबरडं मोडतं आणि मधल्या आठवड्यातला निवांत रंकाळ्यावर फिरतो. बिलाच्या वेळी दोघं ठेवायचं ठरलंय, परीक्षा आल्या की दुसरा गायब. आणि व्हॉइस नोट ऐकून लिहायला वेळ जातोच, त्याला तोड नाही. एकानं सुचवलं की आवाजावरून मजकूर आपोआप करणारं काहीतरी लावू. करून बघितलं. शुद्ध बोलणाऱ्याचं बऱ्यापैकी येतं, पण मागं मशीनचा आवाज, म्हशीचं हंबरणं आणि त्यात आमच्या भुदरगडचा हेल, 'कपात' चं 'कपाट' झालं आणि एका इश्यूत कपाटाचे हप्ते आले. ते तूर्त बाजूला ठेवलंय.

काही संस्थांतली तरुण पोरं, सचिवांची मुलं-पुतणे, आता थेट पब्लिक फॉर्म भरायला लागलेत. त्यांचे इश्यू चांगले असतात, मशीनचा मॉडेल नंबर सुद्धा देतात. त्यांना 'आवक' मधे घ्यायचं का यावर सध्या ग्रुपवर वाद चालू आहे, कारण तिथं दुसऱ्या संस्थांची बिलं दिसतात आणि काका म्हणतात इलेक्शन होईस्तोवर अजिबात नको.